ह हत्तीचा

सोलापूर, श्रावण वद्य तृतीया, शके १८५५

चि. ईश्वरप्पा,

परवा सोमवारी सकाळी मी स्नान-पूजा उरकली, तळ्यातल्या सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन आलो आणि तू लिहिलेस तसे पितळी ताटात चाळलेली राख पसरून शिवूला समोर बसवले. तिचे बोट धरून राखेत ह काढला. मग आदल्या दिवशी मातीचा केलेला हत्ती तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "ह हत्तीचा. हत्ती कुठं आहे? दाखव बघू."

तिने हत्तीकडे पाहिलेसुद्धा नाही. कोनाड्यात तुझ्या आईची वातींची टोपली असते, तिकडे पाहत राहिली. मी हत्ती तिच्या नाकासमोर धरला, सोंड हलवून दाखवली. तेव्हा हसली आणि म्हणाली, "आणि."

"आणि काय?"

"आणि."

"अगं, आणि काय ते सांग की!"

झाले. ओठ मिटले. राखेवर एक फुंकर मारून मोकळी झाली, ती सगळी माझ्या तोंडावर. तुझी आई चुलीपासून म्हणाली, "बरं झालं. दुसऱ्यांदा विभूती लावायला नगं."

हे तू हसावेस म्हणून लिहीत नाही. मी कंटाळलो आहे. सूनबाई वारली आणि वैशाखात तू मुलीला आजोळाहून आणून आमच्या ओसरीवर सोडलेस, एक रात्र राहिलास आणि पुण्याला गेलास. त्यानंतर तुझी पत्रे येतात ती सगळी सूचनांची. मूल हाताने शिकते, म्हणून मातीचे प्राणी करा. बियांचे ढीग वेगळे करायला द्या. पुठ्ठ्याला भोके पाडून दोरा ओवायला द्या. राखेत अक्षर काढा. ट्रेनिंग कॉलेजात तुम्ही हे मास्तर लोकांना शिकवता, ते चांगलेच असेल. मी गावच्या शाळेत छड्या खाऊन चार बुके शिकलो आणि आता वह्या बांधून पोट भरतो. घरात पुठ्ठा आहे, दोरा आहे, खळ आहे, पुठ्ठ्यावर चढवायच्या रंगीत अबरी कागदाच्या कातरणांचे ढीग आहेत. सामानाची अडचण नाही. अडचण अशी आहे की मूल शिकत नाही.

हात चांगला चालतो, हे खरे. तुरी, हरभरे, चिंचोके भराभर वेगळे करते. पण नाव विचारले की गप्प. मातीचा कुत्रा केला. "हे काय?" म्हटले तर "नाय." "नाय काय? नीट बघ. भू-भू करतो." "नाय." डोळ्यांत डोळे घालून नाय म्हणते. हा हट्ट कोणाचा घेतलाय कोण जाणे. हत्ती दाखवला की "आणि" म्हणून थांबते, पुढचे वाक्य कधीच येत नाही. सकाळी उठली की आईच्या मागे "हळू, हळू" करत फिरते. तुझी आई म्हणते, "आनकी किती हळू चालू गं? मुंगी हाय का मी?"

तू बजावलेस त्याप्रमाणे घरात कानडी शब्द नाही. आम्हाला येतच नाही, तर बोलणार कुठून? आपण मोहोळकडची माणसे. सोलापुरात इतकी वर्षे काढली, गल्लीत तेलुगू आहे, कानडी आहे, पण ते सारे माझ्या कानावरून गेले, कानात शिरले नाही. शेजारची कानडी पोरे तिच्याशी खेळायला आली तर त्यांनाही तुझी आई हुसकते. विहीणबाईंना तू वर्षभर येऊ नका म्हणून कळवलेस, त्यामुळे तिकडूनही कोणी नाही.

तू एकदा येऊन स्वतः हा खेळ खेळून दाखव. पन्नाशीला आलेल्या माणसाला पत्रावरून चिखल मळायला लावणे सोपे आहे.

सिद्धाप्पा


सोलापूर, भाद्रपद शुद्ध द्वादशी

ईश्वरप्पास,

तुझे पत्र पोचले. त्यात आईची चौकशी नव्हती. ती विचारत होती, मी "आहे, लिहिलंय" असे सांगितले. पुढच्या वेळी लिही, म्हणजे मला खोटे बोलावे लागणार नाही.

तू लिहितोस, धीर धरा, एका वेळी एकच खेळ घ्या, रागावू नका, मराठीशिवाय दुसरा शब्द कानावर पडू देऊ नका. धीर मी धरलाच आहे. अबरीच्या पट्ट्या कापून तिला चटई विणायला दिली. एक वर, एक खाली. दोन ओळी माझ्यासारख्या विणल्या, नंतर दोन वर, एक खाली असे काहीतरी स्वतःचेच सुरू केले. मी उसवून पुन्हा दाखवले. पुन्हा तेच. शेवटी पाहिले तर तिरकी नक्षी पडली होती, चादरीवर पडते तशी. तुझ्या पत्रात ती नक्षी नव्हती.

पण अक्षर आणि नाव म्हटले की भिंत. गौरीच्या आदल्या दिवशी प्राण्यांची ओळ मांडली होती. मी सहज म्हणालो, "शिवू, तो हत्ती आण." उठली, कोनाड्यापाशी गेली, पाट्यावर चढली आणि वातींसाठी ठेवलेला सगळा कापूस मुठीत धरून माझ्या हातात आणून दिला. मी म्हणालो, "अगं, हत्ती!" तिने तो कापूस माझ्या हातातून घेऊन पुन्हा माझ्या हातात दाबला. तोंड कसे, तर मीच ठार बहिरा असल्यासारखे.

तुझ्या आईने गौरीसाठी धुतल्या हातांनी ठेवलेला कापूस होता तो. तिने पोरीच्या हातावर चापट मारली. जोरात नव्हे. पण तेव्हापासून मूल आमच्याशी बोललेले नाही. नाय नाही, आणि नाही, काहीच नाही. सकाळी हळूसुद्धा म्हणत नाही. ओसरीच्या कोपऱ्यात बसून पट्ट्या विणते आणि उसवते.

विहीणबाई आल्या होत्या, हेही कळवतो. गौरीच्या सणाला म्हणून गाडीने आल्या, शेंगापोळ्या घेऊन. ओसरीवरच उभ्या राहिल्या. तुझी आई आत होती. शिवूने त्यांना पाहिले आणि ओरडली, "अज्जी!" आतून तुझी आई पदराला हात पुसत धावत आली, "काय गं माझी बाय? बोललीस का?" आणि दारात थबकली. पोरगी तिच्याकडे पाहत नव्हती.

मी विहीणबाईंना तुझी अट सांगितली. वर्षभर भेटायचे नाही, बोली मोडायची आहे. त्यांना मराठी अर्धी कळते, पण एवढे कळले. म्हणाल्या, "पोरगी वाळला की हो." मी म्हणालो, खाते व्यवस्थित. त्यांनी पोळ्यांचे गाठोडे उंबऱ्यावर ठेवले आणि गेल्या. तुझी आई पोरीला धरून आत बसली होती, म्हणून पाणी विचारायचे राहिले.

तुझे म्हणणे मी शब्दाला शब्द पाळतो आहे, हे तुला कळावे म्हणून लिहिले.

आता खरे ते लिहितो. मला वाटते मुलीची बुद्धीच थोडी अधू आहे. तू एवढा शिकलेला, आणि तिला हत्ती आणि कापूस यांतला फरक कळत नाही. पुढे काय करायचे ते तू ठरव. माझ्याने होत नाही.

सिद्धाप्पा


सोलापूर, आश्विन वद्य पंचमी

ईश्वरप्पा,

तू ठरव असे मी लिहिले, ते घरातला माणूस वैतागून लिहितो तसे लिहिले. त्याचा असा अर्थ कोणी काढतो?

पुण्याबाहेर कुठल्याशा आश्रमात मागे पडलेली मुले ठेवतात, तुमच्या प्राचार्यांची ओळख आहे, जागा मिळाली आहे, कार्तिकी पौर्णिमा झाली की येऊन घेऊन जातो. एका कार्डावर चार ओळी. बाजारातून वहीचे कागद सांगावेत तसे.

तिथे वर्षातून दोनदा भेटता येते, असेही लिहिले आहेस. कोण भेटणार? तू? ती आमच्या घरात असताना तू सोलापूरला आला नाहीस.

तुझ्या आईला कार्ड वाचून दाखवले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे तसेच धरून म्हणाली, "त्याला म्हणावं ने. पर आदी हितं येऊन चार दिस ऱ्हा, लेकीला जेवू घाल, झोपव, आन् मग ने." मग थोड्या वेळाने, "माझ्या चापटीनं झालं काय हो हे?" मी नाही म्हणालो. मला माहीत नव्हते.

पोरीची बुद्धी अधू असली तरी ती घरात अधू असेल. आमच्या गावी बाळू म्हणून एक वेडसर होता, देवळाचा नंदी पुसायचा. साऱ्या गावाने त्याला जेवू घातले. त्याला कोणी आश्रमात धाडला नाही. मी पूजेला बसतो तेव्हा ती येऊन जवळ बसते, मी डोळे मिटले की तीही मिटते, मी उघडेपर्यंत उघडत नाही. एवढी समज असलेले मूल मी परक्यांच्या हाती देणार नाही असे आज तरी वाटते. पण मूल तुझे आहे. कायद्याने आणि रीतीने तुझे. म्हणून हे पत्र. थांब. निदान संक्रांतीपर्यंत थांब.

सिद्धाप्पा


सोलापूर, कार्तिक शुद्ध चतुर्थी

चिरंजीव,

हे पत्र वाचून होईपर्यंत दुसरे काही करू नकोस.

आज गल्लीत पिंजारी आला. इलाहीबक्ष म्हणून, थंडीच्या तोंडी दरवर्षी येतो. तुझ्या आईने जुनी गादी उसवून त्याच्यापुढे टाकली. त्याने धनुकली लावली, तार वाजायला लागली आणि कापूस असा उडू लागला की अंगण पांढरे झाले. शिवू ओसरीच्या कोपऱ्यात होती. दोन महिने आमच्याशी न बोललेले मूल. ती एकदम उठली आणि टाळ्या पिटत अंगणात धावली, "हत्ती! हत्ती! हत्ती!"

समोरचा धुळाप्पा विडी टाकून रस्त्यात आला. "कुटं हाय? संस्थानचा हाय का?" दोघी-तिघी बायका लेकरे कडेवर घेऊन धावल्या. तुझी आई माझ्यावर ओरडली, "अवो, पोरीला आत घ्या, पायाखाली यील!" रस्त्यात हत्ती नव्हता. एक गाढवसुद्धा नव्हते. आणि पोरगी त्या कापसाच्या ढिगात दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसून माझ्याकडे वळून म्हणत होती, "हत्ती, अज्जा! हत्ती!"

मी इलाहीबक्षाला म्हणालो, "अरे, तुमच्याकडं कापसाला काय म्हणतात?"

तो हसायलाच लागला. "कुणाच्याकडं म्हणून इचारताय अप्पा? घरात आमी रुई म्हणतो. तुमच्यासंगं कापूस म्हणतो. आन् मैंदर्गीच्या बाजारात हत्तीच म्हणावं लागतंय, न्हाईतर कानडी बाई मापात मारती."

"मग हत्तीला काय म्हणतात?"

"हत्तीला? आनी."

आनी. आणि काय, आणि काय, म्हणून मी त्या पोरीला महिनाभर विचारत होतो.

मी आत जाऊन सगळे मातीचे प्राणी आणले आणि त्याच्यासमोर मांडले. तार थांबवून तो एकेक सांगू लागला, आणि त्याच्या आधी ती. कुत्रा उचलला. शिवू म्हणाली, "नायी." तो म्हणाला, "बराबर. नायी म्हंजी कुत्रं." दूध म्हणजे काय, मी विचारले. "हालू." तुझी आई दारात उभी होती, ती म्हणाली, "अगं आई गं." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. पोरगी रोज सकाळी दूध मागत होती आणि ही रोज सकाळी हळू चालत होती.

ईश्वरा, मूल अधू नाही. ते पहिल्या दिवसापासून बरोबर उत्तरे देत होते. ह म्हटल्यावर तिने हत्तीच दाखवला, तिच्या बोलीतला. हत्ती आण म्हटल्यावर हत्तीच आणून दिला, वर माझ्या हातात दाबून सांगितले. आम्हीच नापास.

दुपारभर मी पिंजाऱ्याला उठू दिले नाही. धुळाप्पा म्हणाला, "अप्पा, गादी भरून घेताय का शाळा काढताय?" इलाहीबक्ष म्हणाला, "काढू द्या. माझी फी लावतो की ह्यात." मी शब्द विचारत होतो आणि शिवू सांगत होती. घर म्हणजे मनी. पाखरू म्हणजे हक्की. मी हक्की नीट म्हणालो नाही तर तिने माझी हनुवटी धरून पुन्हा म्हणायला लावले. इतकी बोलली की संध्याकाळी तिचा घसा बसला.

आश्रमाचे रद्द करून टाक. उलट टपाली कळव. मराठीही ती शिकेल, मी शिकवतो, आता कसे शिकवायचे ते मला कळले आहे. देवाने वेळेवर डोळे उघडले.

तुझी आई आशीर्वाद सांगते. या वेळी खरेच सांगते आहे.

सिद्धाप्पा


सोलापूर, कार्तिक शुद्ध चतुर्दशी

ईश्वरप्पा,

तुझे कार्ड आले. ते माझ्यासमोर आहे. तू लिहितोस: "हत्ती म्हणजे कापूस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती बोली बंद करा असे कळवले होते. डोक्यात दोन बोली असल्या की मूल कशातच पुढे जात नाही. मधल्या दिवसांत ती बोली वाढू देऊ नका. ठरल्याप्रमाणे पौर्णिमेनंतर येतो."

ठाऊक आहे. मला हे आधी का सुचले नाही? तू तीन वर्षे त्या भागात मास्तर होतास, तिथलीच मुलगी केलीस, घरात तीच बोली बोलत होतास. तुला ठाऊक असणारच. श्रावणात मी लिहिले, ती आणि म्हणते व थांबते. ते वाचताना तुला हत्ती दिसला असणार. कुत्र्याला नाय म्हणते, असे लिहिले. तुला कळले. हळू म्हणते, असे लिहिले. मूल दूध मागते आहे हे पुण्यात बसून तुला कळले आणि इथे तुझ्या आईला कळले नाही. एका ओळीचे काम होते. तू ती ओळ लिहिली नाहीस, आणि मी बुद्धी अधू आहे म्हटल्यावर ते खरे मानून घेतलेस. का, ते मी कार्ड आल्यापासून शोधत होतो.

वैशाखात तू आलास त्या दिवशी संध्याकाळी पोरगी ओसरीवरून तुला हाक मारत होती. "अप्पा, इल्ली बा." तू चप्पल घालून बाहेर गेलास. मला वाटले पानाच्या दुकानी गेलास. आता शेजारच्या कानडी पोरांना विचारले तेव्हा कळले, ती इकडे ये म्हणत होती. नीलव्वा तुला अशीच हाक मारत असेल. मला माहीत नाही. ती सून म्हणून आमच्याकडे दोनदा आली, दोन्ही वेळा बोलली नाही, आणि आम्ही म्हणालो, पोरगी गरीब स्वभावाची आहे. तिची बोली मी ऐकलीच नाही. तू ऐकलीस आणि आता पोरीच्या तोंडून ती तुला सोसत नाही. हे मला समजते. माझा मुलगा आहेस, समजते. पण त्याला शिक्षणाची पद्धत म्हणू नकोस. तुझ्या दुःखाला पोरीची जीभ का कापायची?

आता काय केले ते लिहितो.

काल सकाळी पूजा झाल्यावर मी शिवूचे कपडे बांधले. तुझी आई बघत होती. मला वाटले, आता अडवणार. ती आत गेली, ट्रंकेतून नवा खण काढून आणला आणि म्हणाली, "त्या बाईला पानी न इचारता वाटंला लावलंय मी. ह्यो द्या. माझं नाव सांगू नका." मी उंबऱ्याबाहेर पडलो तर मागून म्हणाली, "न्हाय, सांगा. गोजाबाईनं दिलाय म्हणून सांगा."

गाडीने अक्कलकोट रोड स्टेशनला उतरलो, पुढे बैलगाडी केली. सगळा रस्ता पोरगी बोलत होती. बैल, बाभळ, ओढा, मेंढरे, प्रत्येकाला एकेक शब्द, आणि मी म्हणायचा, ती दुरुस्त करायची. गाडीवान शेवटी म्हणाला, "अप्पा, नातीच्या शाळंत घातलंय व्हय तुमाला? छडी बी हाय काय तिच्याकडं?"

विहीणबाई अंगणात शेणी थापत होत्या. पोरगी गाडी थांबायच्या आत उतरली. त्या दोघी काय बोलल्या ते मला समजले नाही, आणि समजावे असेही वाटले नाही. मी गाडीपाशीच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने विहीणबाईंनी हात धुऊन मला पाणी आणून दिले. मी खण दिला, कोणी दिला ते सांगितले. त्यांनी तो कपाळाला लावला.

मी त्यांना म्हणालो, गुरम्माबाई, तुम्ही आमच्याकडे सोलापूरला चला, पोरीजवळ राहा. त्या म्हणाल्या, "लेक मेला. लेकीच्या सासरी येऊन कसा जेवू मी? आन् म्हैस कोन बघनार? तुमी मोठं मन केलं, पर माझं पाय येत न्हाई." मी दोनदा म्हणालो. त्या दोनदा नाही म्हणाल्या. तेव्हा मी मनात ज्याला भीत होतो तेच करावे लागले. पोरगी तिथेच ठेवली. आमच्या घरी राहिली असती तर पौर्णिमेनंतर तू दारात उभा राहिला असतास आणि मी तुला नाही म्हणू शकलो नसतो, हे मला ठाऊक होते. मी कधीच कुणाला नाही म्हणू शकलो नाही. विहीणबाईंनाच म्हटले, तेही तुझ्या शब्दावरून.

दर महिन्याला चार दिवस मी तिकडे जाऊन राहीन. वह्या तिथेही बांधता येतात. तिची मराठी मी सोडणार नाही. तिच्या शब्दांवरून माझ्या शब्दांवर येऊ. जमेल. घाई नाही.

मी निघालो तेव्हा पोरगी रडली नाही. मला वाटले होते रडेल. ती म्हशीच्या रेडकाला माझे नाव काय ते सांगत होती. गाडीत बसल्यावर मलाच जड गेले. घरी आलो. ओसरीचा कोपरा झाडून घेतला आहे.

तू येशील ते सोलापूरला येऊ नकोस. इथे मुलगी नाही. तू सरळ तिकडे जा. आश्रमाची जागा फुकट गेली म्हणून रागाव, तुझ्या आईबापाला काय म्हणायचे ते म्हण. मूल तुझे आहे हे मी अजूनही मानतो.

निघताना मी विहीणबाईंना एवढेच सांगून आलो आहे. सावकाश सांगितले, दोनदा सांगितले, त्यांना नीट कळेपर्यंत. "ईश्वरप्पा येईल. मुलगी मागेल. मराठीत मागितली तर देऊ नका."

त्या म्हणाल्या, "आन् कानडीत मागितला तर?"

मी म्हणालो, "तर आधी त्याला जेवायला वाढा."

सिद्धाप्पा